रूप बेताचं

१८६२च्या मार्चमध्ये नॅथानिएल हॉथॉर्न वॉशिंग्टनला गेला. अमेरिकेत यादवी पेटलेली, आणि हा कादंबरीकार 'अटलांटिक मंथली' मासिकासाठी युद्धाचा माहोल टिपायला निघालेला. मॅसॅच्युसेट्सच्या एका चाबूक-कारखान्याची मंडळी राष्ट्राध्यक्षांना शोभेचा चाबूक भेट द्यायला चालली होती. हॉथॉर्न त्यांच्यात सामील झाला आणि व्हाइट हाउसमध्ये त्याने अब्राहम लिंकनला अगदी जवळून पाहिलं. पाहिलं तसं लिहिलं. अंगात विटलेला काळा कोट, पायात जुन्या सपाता, केसांना त्या सकाळी ना ब्रश लागलेला ना कंगवा. आणि चेहऱ्यासाठी त्याने शब्द वापरला, 'होमली'. इतका होमली माणूस आपण क्वचितच पाहिला असेल, पण त्याच्याकडे बघून नकोसं मात्र मुळीच होत नाही, असा एकूण मजकूर.

संपादक जेम्स फील्ड्स धास्तावला. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडाचं असं वर्णन, तेही लढाईच्या धामधुमीत! त्याने तो भाग गाळायला लावला. हॉथॉर्नला ते पटलं नव्हतं. लेखात छापण्याजोगं काही असेल तर तेवढंच आहे, असं त्याचं म्हणणं. पण गाळला. जुलैच्या अंकात लेख आला तो लिंकनच्या चेहऱ्याविना. पुढे १८६४ साली हॉथॉर्न गेला, १८६५ साली लिंकनची हत्या झाली, आणि १८७१मध्ये त्याच फील्ड्सने तो गाळलेला मजकूर छापला. तोवर लिंकन देवत्वाला पोचला होता आणि देवाच्या रूपाला कोण नावं ठेवणार?

मजा अशी की त्या तेवढ्या मजकुरात हॉथॉर्नने हा शब्द दोन अंगांनी वापरलाय. एकदा रूपासाठी: होमली, म्हणजे दिसायला बेताचा, ओबडधोबड. आणि पुढे त्याच चेहऱ्यावर दिसणाऱ्या शहाणपणासाठी: होमली, म्हणजे पुस्तकातून न आलेलं, गावात राहून, चार माणसांत वावरून अंगी मुरलेलं. ज्या शब्दाने उणं काढलं त्याच शब्दाने भरपाई केली. संपादकाच्या डोळ्यांत मात्र पहिलाच खुपला असावा.

शब्द तसा साधा. 'होम'ला 'ली' लागला की झाला. इंग्लंडमध्ये तो आजही खेड्यातल्या एखाद्या खाणावळीला लावतात. पेटती शेकोटी, दबलेल्या गाद्यांच्या खुर्च्या, मालकीणबाई स्वतः वाढताहेत, असं ठिकाण होमली. अटलांटिक ओलांडला की तो जागेवरून उठून माणसाच्या तोंडावर जाऊन बसतो आणि मग त्याचा अर्थ उरतो एवढाच की देवाने या माणसाचा चेहरा घडवताना फार वेळ दिलेला नाही. आणि आपल्याकडे तो रविवारच्या पुरवणीत, वधूवरांच्या छोट्या जाहिरातींत राहायला आला. 'फेअर, ब्यूटिफुल, होमली.' इथे तो म्हणजे घर सांभाळणारी. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी सासूबाईंनी ऑफिसातल्या गोऱ्या मैत्रिणीला कौतुकाने सांगावं की आमची सून फार होमली आहे हो, आणि त्या मैत्रिणीने काय बोलावं हे न सुचून कॉफी ढवळत राहावं, हा किस्सा परदेशातल्या मंडळींत इतक्यांदा सांगून झालाय की आता त्यात दम राहिलेला नाही. शिवाय किस्सा ऐकून हसणारे एक गोष्ट विसरतात. हे तिन्ही अर्थ एकाच घरातले आहेत, आणि त्यांच्यात म्हणावी तेवढी फारकत झालेली नाही.

मुळात हा शब्द चांगल्या कुळातला. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी ज्युलियन नावाची साध्वी होऊन गेली. चर्चला लागून असलेल्या खोलीत तिने स्वतःला कोंडून घेतलं होतं. १३७३च्या मे महिन्यात, मरणाच्या दारात असताना तिला दर्शनं घडली आणि ती तिने लिहून काढली. एका बाईने लिहिलेलं म्हणून ठाऊक असलेलं, आज उपलब्ध असलेलं इंग्रजीतलं सर्वांत जुनं पुस्तक ते हेच. या पुस्तकात ज्युलियन देवाच्या प्रेमाला होमली म्हणते. म्हणजे सिंहासनावरचा, दुरून नमस्कार घेणारा देव नव्हे. घरात येऊन आपल्याशेजारी बसणारा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जनीच्या जात्याला हात लावणारा, तिच्या शेण्या वेचणारा विठ्ठल आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय. देव घरातला झाला की त्याचं देवपण कमी होत नाही. चेहऱ्याच्या वाट्याला हे भाग्य नाही. तो 'घरातला' झाला की त्याची किंमत उतरली.

देवाघरचा शब्द माणसाच्या तोंडावर येऊन असा घसरला, याचं नवल करावं तर आपल्याकडेही तेच. तुकोबांनी विटेवरच्या मूर्तीला 'ध्यान' म्हटलं. डोळे मिटल्यावर जे मनात उभं राहतं ते ध्यान. आणि आपण? शर्टाचं बटण खालीवर लावून, केस पिंजारून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून कुणी दारात उभा राहिला की म्हणतो, 'काय ध्यान आहे!' तीच गत अवताराची. दहा अवतार देवाचे, आणि अकरावा घेते ती पावसातून भिजून आलेली पोर. 'काय गं हा अवतार तुझा?' या दोन शब्दांत मात्र, इंग्रजीत नाही असा एक ओलावा आहे. 'ध्यान' म्हणताना आई हसत असते. बहुधा ज्याला ध्यान म्हणायचं त्याच्यावर आपला हक्क असतो. परक्याला ध्यान म्हणता येतं, पण मग ते पाठीमागे.

मराठीत नुसतं वाईट दिसणं नाही. इथे त्याच्या तऱ्हा आहेत आणि प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द. बेढब अंगाने, बेंगरूळ कपड्यांनी, गबाळा वागण्याने, अजागळ सगळ्यानेच. भेसूर आणि हिडीस तर रूपाच्या पलीकडे गेले, ते भीतीच्या आणि किळसेच्या हद्दीत. 'कुरूप' बोलण्यात जवळजवळ येतच नाही. तो गोष्टीतल्या बदकाच्या पिलासाठी राखून ठेवलाय. जिवंत माणसाला कुणी तोंडावर कुरूप म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याऐवजी जी मराठी वापरली जाते ती लग्न जमवणाऱ्यांनी घासूनपुसून तयार केलेली.

मी काही वर्षं एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसत होतो. मजकुराला शब्दावर पैसे. लोक लिहून आणत, आम्ही मोजत असू. 'गृहकृत्यदक्ष' हा तिथला सर्वांत लाडका शब्द. तीन शब्दांचं काम एका शब्दाच्या पैशांत होतं. 'अनुरूप', 'सुस्वरूप', 'सुविद्य' हे त्याचे भाऊबंद. खिडकीवर बसून ही भाषा मला वाचता येऊ लागली. 'नाकीडोळी नीटस' म्हणजे रंग सावळा. नाक जागच्या जागी आहे, डोळे जागच्या जागी आहेत, पुढचं तुम्ही समजून घ्या. 'गहूवर्णी' म्हणजे गव्हाच्या ज्या काही जाती असतील त्यांतली कोणतीही. 'निमगोरी'तला निम्मा गोरेपणा कुठला, हे विचारायचं नसतं. 'स्मार्ट' म्हणजे फार देखणी नाही, पण साडी छान नेसते. 'फोटो तितकेसे चांगले येत नाहीत हो तिचे' हे तोंडी सांगायचं, जाहिरातीत नाही. आणि 'स्वभावाने फार गोड' हे वाक्य कुणी अर्धा क्षण थांबून सांगितलं, तर त्या अर्ध्या क्षणात सगळं आलं.

'चारचौघींसारखी' हा शब्द मला अजून पुरता सुटलेला नाही. चारचौघींसारखी असणं यात वाईट काय? जगात बहुतेक जणी चारचौघींसारख्याच असणार, नाहीतर त्या चारचौघी आल्या कुठून? पण तो म्हणताना खालच्या ओठाची एक हालचाल होते, आणि ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो. 'बरी' या शब्दाचंही असंच. ताप उतरला की माणूस बरा, आणि तो आनंद. मुलगी दिसायला बरी, की मात्र उतरते ती ऐकणाऱ्याची उत्सुकता.

इंग्रजीतल्या मुलींच्या जाहिराती वेगळ्या पानावर. तिथे 'होमली' हमखास. एकदा आमच्याकडच्या उपसंपादकाने, परदेशात शिकून आलेला होता, एका मुलीच्या वडिलांना सांगून पाहिलं की हा शब्द काढा, अमेरिकेतली स्थळं वाचतील तर गैरसमज होईल. वडील म्हणाले, 'गैरसमज कसला? मुलगी घर सांभाळणारी आहे, हे तिथल्या मुलाला कळायलाच हवं.' उपसंपादक गप्प बसला. मला वाटतं वडिलांचं बरोबर होतं, फक्त त्यांना वाटत होतं त्या कारणाने नव्हे.

रूप आणि घर या शब्दात कसे गुंतलेत, हे इंग्रज कवी मिल्टनने आधीच नोंदवून ठेवलंय. १६३४ साली, २९ सप्टेंबरच्या रात्री, वेल्सच्या सीमेवरच्या लडलो किल्ल्यात ब्रिजवॉटरच्या अर्लच्या सन्मानार्थ त्याचं एक संगीतनाट्य झालं. त्याला आता 'कोमस' म्हणतात. अर्लचीच पंधरा वर्षांची मुलगी अ‍ॅलिस त्यात नायिका, दोन लहान भाऊ भावांच्याच भूमिकेत. रानात वाट चुकलेल्या या मुलीला कोमस नावाचा मायावी आपल्या महालात नेऊन जादूच्या खुर्चीत जखडतो आणि फितवायला बघतो. त्याचा युक्तिवाद असा की सौंदर्य हे दाखवण्यासाठी असतं, दरबारात, मेजवान्यांत. घरी बसायचं ते होमली चेहऱ्यांनी, त्यांना ते नाव मिळालं तेच मुळी त्यावरून. म्हणजे ज्यांची तोंडं घरात ठेवण्याच्या लायकीची, त्या घरातल्या. बाहेर आणू नयेत, आणल्या तर लोक बघतील. शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना कुठे चिकटले आहेत ते या खलनायकाने अचूक बोट ठेवून दाखवलंय.

आपल्या जाहिरातींनी कोमसला उलटा करून घेतला. तो म्हणाला, जी दिसायला बेताची तिने घरात राहावं. आपण म्हटलं, जी घरात राहील ती चांगली, आणि ती गोरी व सुंदरही असावी. त्याला निदान एकच गोष्ट हवी होती! दोन्हीकडे बाईचं रूप आणि घराचा उंबरठा एकाच शब्दात बांधलेले. कोमसची नायिका त्याला ठणकावून उत्तर देते, पण ती अर्लची मुलगी होती. पोह्यांचा ट्रे घेऊन खाली मान घालून बसलेल्या मुलीला उत्तर देण्याची सोय कुणी ठेवलेली नसते. तिला विचारतात ते 'विणकाम येतं का?'

लिंकनला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल बोलण्याची पूर्ण मुभा होती आणि त्याने ती यथेच्छ वापरली. फ्रान्सिस कार्पेंटर या चित्रकाराने व्हाइट हाउसमध्ये सहा महिने काम करून चित्र काढलं आणि आठवणी लिहिल्या. त्यांत लिंकनने सांगितलेली एक कथा आहे. वकिलीच्या दिवसांत आगगाडीतून जाताना एक अनोळखी गृहस्थ त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, माफ करा, आपली एक वस्तू माझ्याकडे आहे. लिंकनला काही कळेना. गृहस्थाने खिशातून घडीचा चाकू काढला. काही वर्षांपूर्वी हा मला मिळाला, या अटीवर की माझ्याहून वाईट दिसणारा माणूस भेटेपर्यंत सांभाळायचा. आता तो तुमचा.

ही कथा राष्ट्राध्यक्ष स्वतः रंगवून सांगतो आणि ऐकणारे खो खो हसतात. १८६०च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला पत्र पाठवलं, तुमचा चेहरा फार किडकिडीत आहे, गालमिश्या ठेवा, बायकांना आवडतात, त्या नवऱ्यांच्या मागे लागून तुम्हाला मत द्यायला लावतील. त्याने उत्तर दिलं, दाढी राखली, आणि पुढच्या फेब्रुवारीत शपथविधीला जाताना वेस्टफील्डला गाडी थांबली तेव्हा त्या मुलीला गर्दीतून पुढे बोलावून घेतलं. छान गोष्ट आहे, आवडतेच. पण या सगळ्यात बेताचं रूप हेच त्याचं भांडवल होतं. खडबडीत चेहरा म्हणजे खरा माणूस, छक्केपंजे न जाणणारा. लाकूडतोड्या. सहा फूट चार इंच उंचीच्या त्या हाडाच्या सापळ्याला होमलीपणाने मतं मिळवून दिली, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

आता हाच चाकू आगगाडीतल्या एखाद्या बाईच्या हातात ठेवून बघा.

'पुरुषाचं रूप काय बघायचंय?' हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं आणि बोलणाऱ्या बहुधा बायकाच असतात. म्हण आहे ती नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं अशी. नकट्याचं लग्न वेळेवर लागत असणार, त्याची म्हण झाली नाही. माझ्या खिडकीवर मुलांच्या जाहिराती येत त्यांत शिक्षण, नोकरी, स्वतःचा फ्लॅट, 'निर्व्यसनी', फार तर उंची. रूपाचा रकानाच नाही. 'सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही' असं एकाने घातलं होतं. चार शब्दांचे पैसे मोजून. ते तोंड कसं दिसत असेल याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बायकांच्या बाजूने एकीने हे उलटवून बघितलं होतं. शार्लट ब्रॉन्टेने आपल्या बहिणींना सांगितलं की नायिका सुंदरच असली पाहिजे असं धरून चालता, हे चूक आहे. मी तुम्हाला माझ्याइतकी साधी आणि ठेंगणी नायिका काढून दाखवते, आणि ती तुमच्या नायिकांइतकीच वाचकांना बांधून ठेवील. १८४७मध्ये 'जेन एअर' आली, करर बेल या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने. तिथे शब्द 'प्लेन'. होमलीची ही धाकटी बहीण, पण ताठ मानेची. प्लेन म्हणजे उघडं, सपाट, नक्षी नसलेलं. त्यात घराचा उंबरठा नाही. जेन घराबाहेर पडते, नोकरी करते, पगार घेते, नको वाटलं की नोकरी सोडते. पुस्तक गाजलं. पण गेल्या शतकात हॉलिवूडने तिला पडद्यावर आणलं ते जोन फॉन्टेनच्या रूपात. फॉन्टेनकडे बघून तिला कुणी साधी म्हणेल तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत. केस मागे चापून बांधले आणि करडा झगा घातला, झाली जेन. आमच्या मालिकांत जाड भिंगांचा चष्मा आणि दातांची तार घालून जे काम करतात तेच हे. शेवटच्या भागात चष्मा काढायचा असतो.

२०२०च्या जून महिन्यात शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळं निवडण्याची चाळणी काढून टाकली, आणि त्याच महिन्यात 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या डबीवरचा 'फेअर' जाणार असल्याचं जाहीर झालं. आता ती 'ग्लो अँड लव्हली' आहे. 'होमली'ही जाहिरातींतून बराचसा गेला. त्याच्या जागी 'पारंपरिक आणि आधुनिक मूल्यांचा समतोल' आलाय, जो शब्दावर पैसे घेणाऱ्या वर्तमानपत्राला परवडतो, जाहिरात देणाऱ्याला नाही. फोटो मोबाइलमध्येच उजळून निघतात. चारचौघींसारखी आता कुणी राहिलेली नाही, सगळ्याच पहिल्या चौघींत.

खिडकीवरच्या दिवसांत एक शिक्षिका स्वतःची जाहिरात घेऊन आल्या होत्या. हे क्वचित घडायचं. येत ते वडील, मामा, मोठा भाऊ. बाईंचं वय पस्तिशीच्या आतबाहेर. वहीच्या पानावर मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिलेला: शिक्षण, शाळेतली कायम नोकरी, वडील नाहीत, आईची जबाबदारी आहे. पुढे 'रूप बेताचं'. त्याच्यापुढे 'स्वयंपाक येतो, आवड नाही'. मी पेन्सिलीने शब्द मोजत 'रूप बेताचं'पाशी आलो आणि म्हटलं, 'बाई, हे काढलं तर दोन शब्दांचे पैसे वाचतील. असं कुणी घालत नाही.'

'राहू द्या,' त्या पर्स उघडत म्हणाल्या. 'उगाच पोहे वाया जातात.'